मोजे स्वतःची जोडी शोधतात: घरकामाच्या जादूचा एक मिनिटाचा सिनेमा घरी कसा करायचा

जादूच्या सिनेमांतले ड्रॅगन, किल्ले, आभाळातल्या लढाया यांचं मला फारसं काही वाटत नाही. ड्रॅगन कसा उडतो हे कोणी पाहिलंय? कसाही उडवला तरी ‘असं नसतं हो’ म्हणणारा भेटायचा नाही. पण सिंकमध्ये ब्रश आपला आपण पातेलं घासायला लागला, की थिएटरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. पातेलं कसं धरतात, काठाला जोर कुठे लावतात, पाणी कुठून निथळतं हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं असतं. तिथे प्रेक्षकाला फसवणं महाकठीण, आणि फसवलंत तर तो बेहद्द खूश.

मी दोऱ्यांच्या बाहुल्या नाचवते. निर्जीव वस्तूत जीव आहे असं भासवणं हा माझा धंदा, आणि घरकाम तर काय, कोणाला चुकलंय! सुट्टीत भाची आली की तिच्या फोनवर आम्ही दोन्हीची सांगड घालतो. एक फोन, तो घट्ट धरणारा स्टँड, काळा दोरा, थोडी माती किंवा मेण आणि घरातलं एक काम, एवढ्यावर एक मिनिटाचा सिनेमा होतो. जादू कमी दाखवा आणि काम जास्त, एवढं एकच सूत्र मी धरून बसते. बाकी सगळं त्यातून निघतं.

आधी थोडं पाहून घ्या

अख्खे सिनेमे पाहायची गरज नाही, प्रसंग पाहा. पहिल्यांदा आवाज बंद करून, दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसता आवाज ऐकत. दोन्ही वेळा वेगळंच काहीतरी हाती लागतं.

डिस्नेच्या १९४० च्या ‘फँटेशिया’तला जादूगाराचा शिकाऊ चेला हा या घराण्याचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. मिकी माउसच्या गळ्यात पाणी भरायचं काम पडलेलं असतं. गुरू झोपायला गेला की हा त्याची टोपी डोक्यावर चढवतो, कोपऱ्यातल्या झाडूला हात फुटतात आणि झाडू दोन बादल्या घेऊन कामाला लागतो. मिकी खुर्चीत निवांत झोपी जातो. जाग येते तेव्हा घरात पाणीच पाणी. थांबवायचा मंत्र त्याला येत नाही, म्हणून तो कुऱ्हाड घालतो, तर प्रत्येक ढलपीचा एकेक नवा झाडू उभा राहतो. जर्मन कवी गटेने ही गोष्ट १७९७ मध्ये कवितेत सांगितली, फ्रेंच संगीतकार पॉल द्युकाने १८९७ मध्ये तिचं संगीत केलं, आणि तिचं मूळ थेट दुसऱ्या शतकातल्या लुशियन या ग्रीक लेखकापर्यंत जातं. इतकी वर्षं गोष्ट टिकली, कारण तिच्यात चेटूक आहे त्यापेक्षा पाणी भरण्याचा वैताग जास्त आहे. झाडूच्या काड्यांची पावलं कशी केली आहेत आणि बादली ओतताना तो कुठून वाकतो, तेवढं नीट पाहून ठेवा.

त्याच्याही आधीचं पाहायचं असेल तर जे. स्टुअर्ट ब्लॅकटनचा १९०७ चा ‘द हाँटेड हॉटेल’ शोधा. कोणी नसताना टेबलावर सुरी पाव कापते, चहा ओतला जातो. वस्तू किंचित हलवायची, कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचं, पुन्हा किंचित हलवायची, एवढीच ती करामत. सेगुंदो द शोमोनने १९०८ च्या ‘इलेक्ट्रिक हॉटेल’मध्ये तशाच करामतीने सामान आपोआप लावून दाखवलं, बुटांना ब्रश फिरवला. शेवटी यंत्रं सांभाळणारा माणूस दारूच्या नशेत भलतीच बटणं दाबतो आणि हॉटेलभर गोंधळ उडतो. इथेही तेच: काम सुरू करणं सोपं, आवरणं अवघड.

१९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’मध्ये चुटकी वाजवली की मुलांची खोली आवरली जाते. कपड्यांच्या घड्या होऊन ते खणात शिरतात, खेळणी आपापल्या जागी जातात. यातला मायकेल हा मुलगा मला फार आवडतो, कारण बिचाऱ्याला चुटकीच वाजवता येत नाही. जादू समोर हजर आहे आणि बोटं साथ देत नाहीत! असली बारीक अडचण तुमच्या सिनेमात असायलाच हवी. याच सिनेमातल्या गालिच्याच्या पिशवीकडेही लक्ष द्या. तिच्यातून टोप्या अडकवायचा उंच स्टँड निघतो, मोठा आरसा निघतो, कुंडीतलं झाड निघतं. मायकेल वाकून टेबलाखाली बघतो. तुमचा प्रेक्षकही मनातल्या मनात तिथेच बघत असतो, म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी बघून घेतलेलं बरं.

२००२ च्या हॅरी पॉटरमध्ये हॅरीचा मित्र रॉन याच्या घरी ब्रश भांडं घासतोय, सुया आपल्या आपण विणतायत, आणि घरातलं कोणी तिकडे ढुंकूनही पाहत नाही. भारावून पाहतो तो फक्त हॅरी. जादू घरातल्यांच्या सवयीची झाली आहे हे एवढ्यात कळतं, संवाद लिहावे लागत नाहीत. मला तरी त्या मालिकेतल्या सगळ्या लढायांपेक्षा हे स्वयंपाकघर मोठं वाटतं.

जपानी ॲनिमेशनपट करणाऱ्या हायाओ मियाझाकीचे तीन सिनेमे तर अभ्यासक्रमालाच लावावेत. ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (२००४) मध्ये चुलीतला विस्तव बोलका आहे. नाव कॅल्सिफर. अख्खा वाडा तो चालवतो, पण त्याच्यावर तवा ठेवू म्हटलं की त्याचा स्वाभिमान दुखावतो. घर आवरणारी सोफी त्याला दटावते, तवा दाबते, तेव्हा कुठे तो मान खाली घालतो. पुढे ती न्हाणीघर आवरताना वाड्याचा मालक, जादूगार हाउल, याच्या बाटल्यांची हलवाहलव करते, त्याच्या केसांचा रंग बदलतो आणि तो त्रागा करून हिरवा चिकट द्रव गाळत बसतो. म्हणजे दुसऱ्याच्या वस्तू आवरल्या की काय होतं, तेच. ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) मध्ये अवतीभवती सगळे देव आणि भुतं, पण चिहिरो या लहान मुलीला लादी स्वतःच्या हातांनी पुसावी लागते. दुर्गंधी सुटलेला एक पाहुणा येतो, त्याच्या अंगात काहीतरी रुतलेलं तिच्या हाताला लागतं, सगळे मिळून दोर ओढतात आणि आतून सायकल निघते, मागोमाग कचऱ्याचा डोंगर. ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ (१९८९) मधली छोटी चेटकीण किकी झाडूवर बसून उडते, पण आजीबाईंचा विजेचा ओव्हन बंद पडतो तेव्हा ती लाकडं घालून जुनी भट्टी पेटवते. तिथे मंत्र नाही, फुंकर आहे. मियाझाकीच्या जादूवर विश्वास बसतो तो अशा ठिकाणी.

उरलेले भराभर सांगते. ‘द स्वोर्ड इन द स्टोन’ (१९६३) मधली भांडी घासण्याची रांग पाहा. ‘एन्चान्टेड’ (२००७) मध्ये परीकथेतली मुलगी न्यूयॉर्कमधलं घर आवरायला प्राणी बोलावते आणि हजर होतात उंदीर, कबुतरं आणि झुरळं. विनोद कसा जुळवतात हे त्यातून शिका. १९५७ च्या ‘मायाबाजार’मध्ये एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच लग्नाच्या पंगतीतलं सगळं एकटा फस्त करतो, लाडू आपले आपण तोंडात जातात. खाणं हे घरकाम नव्हे, मान्य. पण वस्तू हवेत निघाली की ती कुठे निघाली आहे हे प्रेक्षकाला आधीच कळलं पाहिजे, याचा तो उत्तम नमुना आहे.

काम निवडताना

ज्या कामाचा आरंभ आणि शेवट एका नजरेत दिसतो तेच घ्या. विस्कटलेला पलंग आणि नीट घातलेली चादर. कपड्यांचा ढीग आणि घड्यांची चळत. दारातल्या अस्ताव्यस्त चपला आणि त्यांची रांग. झाडणं वाईट, कारण फोनच्या कॅमेऱ्याला धूळ दिसतच नाही. लादी पुसणंही तसंच, ओल फक्त एका कोनातून चमकते. पाणी आणि विस्तव दोन्ही टाळा. धार आणि ज्वाळा फोटोगणिक आपला आकार बदलतात, तुमचं ऐकत नाहीत.

भांडी घासण्याचा मोह सगळ्यांना होतो. करायचीच असतील तर घासलेली, कोरडी भांडी मांडणीत लागतात एवढंच करा. काचेचं काही घेऊ नका. इस्त्री दाखवायची असेल तर तिची वायर भिंतीपासून काढलेली असावी, आणि ती थंड आहे हे मोठ्या माणसाने हात लावून पाहिलेलं असावं. सुऱ्या-कात्र्या ब्लॅकटनला लखलाभ.

माझी पसंती मोज्यांना. मऊ असतात, पडले तरी फुटत नाहीत, रंग वेगवेगळे असतात आणि मुख्य म्हणजे जोडीतला एक हरवलेला असतोच. म्हणजे गोष्ट तयारच आहे.

जादूला एक हुकूम द्या, आणि तो तिला शब्दशः कळू द्या

एका मिनिटात मावेल एवढंच कथानक ठेवा. कोणीतरी कंटाळून हुकूम सोडतं. जादू कामाला लागते. हुकूम ती अक्षरशः पाळते, आणि म्हणूनच घोळ होतो. मोज्यांच्या बाबतीत हुकूम असा: ‘प्रत्येकाची जोडी लावा.’ मोज्यांच्या जोड्या लागल्या, ठीक. पण जादूने ‘मोजे’ हा शब्द ऐकलेलाच नाही. मग हातमोजे, मग चपला, मग दोन पडद्यांची गाठ. जादू खोडकर आहे असं दाखवायचं नाही. ती आज्ञाधारक आहे. खोडकरपणा दाखवायला अभिनय लागतो, आज्ञाधारकपणा वस्तूंनाही जमतो.

फोटो-फोटोने हलवणं

सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो. आपण प्रत्येक फोटो दोनदा वापरायचा, म्हणजे सेकंदाला बारा फोटो पुरतात. मिनिटाला सातशेवीस झाले. घाबरू नका, अख्खं मिनिट असं करायचं नाहीये. वीस सेकंद या पद्धतीने करा, दोनशे चाळीस फोटो. उरलेलं दुसऱ्या युक्त्यांनी भागतं.

फोन स्टँडवर लावा आणि स्टँडचे पाय चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. पडदे ओढून घ्या. ढग सरकला तरी उजेड बदलतो आणि सिनेमा लुकलुकतो, त्यामुळे खिडकीवर भरवसा नको, दोन दिवे लावा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड पक्का होतो, तो करून घ्या. फोन विमानाच्या मोडवर टाका, नाहीतर ऐन मोक्याला कोणाचा तरी फोन येऊन तो थरथरतो. फोटो काढताना स्क्रीनला बोट लावू नका, इअरफोनचं बटण किंवा छोटा रिमोट वापरा. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारख्या ॲपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यावरून वस्तू किती सरकली हे कळतं. आणि स्वतः गडद कपडे घाला, दरवेळी एकाच जागी उभ्या राहा. पांढऱ्या कपड्यांवरून परतलेला उजेड चादरीवर पडतो आणि तो फोटोत येतो.

आता माझ्या धंद्याची गोष्ट सांगते: वजन. बाहुली हलली म्हणजे जिवंत झाली असं होत नाही. तिला उठायला कष्ट पडतात असं दिसलं की ती जिवंत होते. मोजा पहिल्या फोटोपासून सारख्या अंतराने सरकवलात तर कोणीतरी चादर ओढतंय असं वाटेल. त्याऐवजी असं करा. मोजा सपाट आहे. दोन फोटो काहीच नाही. मग टाच किंचित मागे घ्या, पुढे जाण्याआधी दम घेतल्यासारखी. मग मधला भाग दोन बोटांनी चिमटून उंच करा, आत कापसाचा किंवा कागदाचा बोळा सरकवा म्हणजे तो तसाच राहील. आता पुढचं टोक पुढे सरकवा, आधी अर्धं बोट, मग एक बोट, मग दीड बोट, आणि थांबताना पुन्हा एक, अर्धं. मग मागचं टोक ओढून घ्या. मोजा सुरवंटासारखा चालतो. तो घसरत नाही. एवढ्याशा हालचालीला बारा-चौदा फोटो जातात, जाऊ द्या.

वाटेत त्याला एकदा थांबवा. बोटांकडचा भाग उचलून डावीकडे वळवा, तीन फोटो तसाच ठेवा, मग उजवीकडे. मोज्याला डोळे चिकटवू नका, मी हात जोडून सांगते. डोळे लावले की ते खेळणं होतं. नुसतं टोक वळलं तरी तो बघतोय हे कळतं.

दोन मोज्यांचा गोळा कसा करायचा? एकाची कड दुसऱ्यावर उलटवणं फोटो-फोटोने दाखवू गेलात तर संध्याकाळ होईल, आणि तरी बोटांच्या खुणा दिसतील. इथे जुनी अदलाबदल वापरायची. दोन मोजे एकमेकांवर सपाट पडलेत. तिसरा मोठा मोजा त्यांच्यावरून रांगत जातो. तो त्यांना पुरता झाकतो त्या फोटोनंतर खालचे मोजे काढून त्या जागी आधी करून ठेवलेला गोळा ठेवा. मोठा मोजा पुढे सरकतो, मागे गोळा तयार. मोठ्या मोज्याची पाठ त्या वेळी थोडी उंचावलेली असू द्या. आत काहीतरी चाललंय हे तेवढ्यावरून दिसतं.

उलटं चालवणं

ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवी युक्ती. पसारा घालतानाचा व्हिडिओ काढायचा आणि उलटा चालवायचा, म्हणजे आवरलं जातं. व्हिडिओ उलटा करायची सोय एडिटिंगच्या साध्या ॲपमध्येही असते.

यात पलंग फार छान होतो. चादर नीट घाला, उशा ठेवा. चादरीच्या एका कोपऱ्याला खालच्या बाजूने दोरा शिवा आणि फ्रेमबाहेरून एका लयीत ओढा. उलटं पाहताना चादर जमिनीवरून उठते, पलंगावर चढते आणि सुरकुत्या आपोआप नाहीशा होतात. ओढताना झटका देऊ नका. झटक्याने ओढलेली चादर उलट्यात अचानक गोठते.

खणात उड्या मारणाऱ्या मोज्यांसाठी थोडी सुतारकी करावी लागते. खण अर्धा उघडा ठेवा. कडक पुठ्ठ्याची किंवा पातळ लाकडाची पट्टी खणाच्या बाजूच्या कडेवर आडवी टेकवा, आतल्या टोकावर मोज्यांचे गोळे, बाहेरचं टोक फ्रेमबाहेर लपलेल्या माणसाच्या हाताशी. त्याने टोक खाली दाबलं की गोळे वर उसळून बाहेर पडतात. कॅमेरा खणापेक्षा जरा खाली ठेवा, पट्टी दिसत नाही. हे उलटं चालवलं की गोळे जमिनीवरून उठून एकामागोमाग खणात जातात. उसळी जरा वेडीवाकडी असली तर उत्तमच. सगळे गोळे एका रेषेत गेले तर ते यंत्राचं काम वाटेल.

उलट्या व्हिडिओचा घात तीन गोष्टी करतात. पाणी, वाफ आणि माणूस. माणूस फ्रेममध्ये हवाच असेल तर त्याला बसवून ठेवा. चालवायचाच असेल तर त्याला उलटं चालायला लावा आणि टाच आधी न टेकता बोटं आधी टेकायला सांगा. मुलांना या सरावात इतकी मजा येते की शूटिंग बाजूलाच राहतं. मूळ आवाज सरळ काढून टाका, तो उलटा ऐकवत नाही.

दोरा

झाडू नाचवायचा असेल तरच दोऱ्याच्या भानगडीत पडा, आणि पडलात तर दोन दोरे घ्या. सगळे जण एक दोरा दांड्याच्या टोकाला बांधतात. झाडूचं वजन खाली, काड्यांपाशी असतं, त्यामुळे एका दोऱ्यावर तो घड्याळाच्या लंबकागत झुलत राहतो. दुसरा दोरा काड्यांच्या जरा वर बांधा आणि तो ताठ धरा. खालचा दोरा हा झाडूचा पाय, वरचा दोरा डोकं. पाय आधी निघतो, डोकं जरा मागून येतं. थांबताना पाय थांबतो आणि डोकं पुढे कलून मागे येतं. हे एवढं जमलं की झाडूला काम करायचा कंटाळा आलाय हेसुद्धा दाखवता येतं.

आणि त्याला उडवू नका. काड्या जमिनीला टेकलेल्या असू द्या, घासल्याचा आवाज यायला हवा. हवेत तरंगणारा झाडू म्हणजे निव्वळ दोऱ्याला लोंबकळणारा झाडू.

नायलॉनचा दोरा पारदर्शक असतो म्हणून लोक तो घेतात, पण दिव्यात तो चकाकतो. मागे गडद पडदा असेल तर साधा काळा शिवणाचा दोराच बरा. मागे कोरी भिंत नको. पुस्तकांचं कपाट, नक्षीचा पडदा, काहीही गजबजलेलं चालेल, नजर दोऱ्यावर ठरत नाही. दिवा बाजूने लावा. दोरा धरणारी व्यक्ती स्टुलावर उभी असेल तर स्टूल धरायला दुसरी व्यक्ती हवीच हवी.

हिरवे हातमोजे घालून हात नंतर पुसून टाकायची पद्धतही आहे. मला ती आवडत नाही. हात पुसला जातो, पण त्याची सावली तिथेच राहते.

आता मोज्यांचा सिनेमा, सलग

पहिला शॉट साधा. धुतलेल्या कपड्यांची टोपली पलंगावर उपडी होते. भाची ढिगाकडे बघते, चुटकी वाजवते, वाजत नाही, दुसऱ्या हाताने वाजवते, ‘प्रत्येकाची जोडी लावा’ म्हणते आणि निघून जाते. सहा-सात सेकंद. तिच्या पायात मोजे आहेत हे इथे ओझरतं दिसायला हवं, पुढे लागणार आहे.

मग ढीग एकटाच. पूर्ण दोन सेकंद काहीही घडू देऊ नका. प्रेक्षक ढिगात हालचाल शोधायला लागतो आणि त्याला आधीच भास होऊ लागतात. मग एका मोज्याचं टोक वर येतं. तो खाली उतरतो, चालतो, एका मोज्याजवळ जातो, रंग बघतो, माघारी वळतो. दुसऱ्याजवळ जातो, त्याच्याशेजारी आडवा होतो. मोठा मोजा वरून जातो, गोळा होतो. ही पहिली जोडी सावकाश दाखवा, पुढच्या जोड्या भराभर. एकदा पद्धत कळली की प्रेक्षक पुढचं स्वतःच भरून घेतो. मग खणात उड्या, उलट्या व्हिडिओने.

पलंगावर एक मोजा उरतो. तो इकडे बघतो, तिकडे बघतो. मग शॉट बदलून भाची खुर्चीत पुस्तक वाचत बसलेली. तिच्या मोज्याच्या टोकाला आतून दोरा शिवलेला आहे आणि मोजा मुद्दाम सैल आहे. तो हळूहळू लांबट होतो, टाचेवर अडकतो, सुटतो आणि फ्रेमबाहेर जातो. हा शॉट सरळच काढा, उलटा नको. टाचेवर मोजा अडकणं हे इतकं खरं आहे की त्यापुढे बाकीची सगळी करामत फिकी पडते. ती पायाकडे बघते. पडद्यांची गाठ बसलेली दिसते. दारातल्या चपला एकमेकींत अडकून बसलेल्या दिसतात. हे शॉट नुसते स्थिर, एकेक सेकंदाचे. गाठ आपोआप बसताना दाखवायची गरज नाही.

थांबवायचं कसं हे तुम्ही ठरवा. भाचीने तिचा शेवट स्वतःच शोधला: पायातला उरलेला मोजा काढून ती त्या एकट्याच्या शेजारी ठेवते. रंग जुळत नाही. मोजा बराच वेळ विचार करतो, आणि शेवटी आडवा होतो.

आवाज

आवाज नंतर भरा, आणि खऱ्या कामाचाच भरा. मोजा चादरीवर रांगतो तेव्हा चादरीवरून बोटं ओढा, फोन अगदी जवळ धरून. गोळा खणात पडला की खऱ्या खणात गोळा टाकून घ्या. पडद्याच्या कड्यांचा आवाज, खणाचा लाकडी करकर आवाज, सगळं घरातच आहे. खोलीत घुमत असेल तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्यात फोन धरून आवाज घ्या, कपडे प्रतिध्वनी शोषून घेतात. चमचमणारे घंटीचे आवाज ॲपमध्ये फुकट मिळतात, म्हणून ते वापरायलाच हवेत असं नाही. माझ्या मते एकही नको. संगीत हवं असेल तर पहिली जोडी लागल्यावर सुरू करा, तोवर नुसती खोली ऐकू येऊ द्या.

जोडणी झाली की ज्या व्यक्तीला रोज कपड्यांच्या घड्या घालाव्या लागतात तिला दाखवा, सिनेमावाल्या मित्राला नको. कसं केलंय ते सांगू नका. ‘मोजा असा दुमडत नाही’ असं ती म्हणाली तर तो तुकडा पुन्हा काढा. ‘मला दोरा दिसला’ म्हणाली तर सोडून द्या.